छायाचित्रातील अदृश्य भार : हिमालयीन प्रवास-छायाचित्रणासंबंधी एक विचार

प्रवास व निसर्ग यांच्या छायाचित्रणाचा इतिहास सामान्यतः भिंगे, रसायने आणि यंत्ररचना यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जड उपकरणे हलकी होत गेली आणि त्यायोगे दुर्गम प्रदेश माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात आले, असा त्याचा थोडक्यात आशय असतो. हे विधान खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. उपकरणाला वजन असते, आणि ते वजन कोणाच्या तरी पाठीवरून जाते. ती पाठ कोणाची, हा प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हिमालयाचे उदाहरण घेऊन त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. उपकरणांचा भार आरंभापासून सतत कमीच होत गेला, असे घडलेले नाही. इ. स. १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांस विजापूर व त्याच्या दक्षिणेकडील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. बिग्ज यांच्या निगेटिव्ह कागदाच्या होत्या. कागद हलका, प्रवासात न फुटणारा, आणि आगाऊ तयार करून ठेवता येण्याजोगा. त्याच वर्षी ब्रह्मदेशात गेलेल्या लिनिअस ट्राइप यांनीही कागदावरच दोनशेहून अधिक निगेटिव्ह तयार केल्या. परंतु कागदाच्या तंतूंमुळे सूक्ष्म तपशील किंचित पुसट होत असे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेचा वापर असल्याने हा दोष नव्हता. म्हणून हलका कागद मागे पडला आणि जड काच पुढे आली. तात्पर्य, भार ही केवळ तांत्रिक असहायता नव्हती. तपशिलासाठी मोजलेली ती किंमत होती.

ही किंमत किती होती, हे त्या पद्धतीच्या स्वरूपावरून कळते. स्वच्छ केलेल्या काचेवर कलोडियनचा सारखा थर द्यावयाचा, ती काळोखात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे, आणि थर सुकण्यापूर्वी ते उमटवावयाचे. या साऱ्याला अवधी थोड्याच मिनिटांचा. त्यामुळे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या, कॅमेरा व तिवई हा सारा सरंजाम दृश्याच्या अगदी जवळ नेणे भाग पडे.

सॅम्युएल बोर्न हे या पद्धतीचे हिमालयातील सर्वांत प्रसिद्ध उपासक होत. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथील बँकेची नोकरी सोडून ते १८६३ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि १८६६ पर्यंत त्यांनी हिमालयात तीन मोठे प्रवास केले. पहिल्या प्रवासात त्यांच्यासोबत सुमारे तीस हमाल होते. तिसऱ्या प्रवासात ही संख्या साठाच्या घरात गेली. याच अखेरच्या प्रवासात त्यांनी सुमारे साडेअठरा हजार फूट उंचीवरील मणिरंग खिंडीत छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवर ओली काच हाताळणे हा असामान्य कौशल्याचा व चिकाटीचा पुरावा आहे, यात संशय नाही.

मात्र या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. साठही हमाल छायाचित्रणाचेच सामान वाहत नव्हते. राहण्याचे तंबू, अन्न, मद्य आणि साहेबी सुखसोयींच्या अन्य वस्तू यांचाही त्या ओझ्यात वाटा होता. बोर्न यांनी आपले प्रवासवृत्त ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात ओझी टाकून पळालेल्या हमालांचा व त्यांना काठीने मारल्याचा उल्लेख ते निःसंकोचपणे करतात. पहाडी मुलुखात बेगारीची प्रथा होती; गावकऱ्यांनी प्रवाशांची ओझी वाहावी, असा तेथील दंडक होता. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पलायनाचा अर्थ बदलतो. प्रवाशाच्या लेखी जो बेशिस्तपणा, तो हमालाच्या बाजूने नकार असू शकतो. छायाचित्रांत मात्र हिमशिखरे, देवदार आणि निःशब्द दऱ्या आहेत. तो नकार नाही.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत मांडली. पुढील दशकात तिचा प्रसार झाल्यावर अंधारा तंबू जागोजागी उभारण्याची गरज संपली. १८८८ मध्ये ईस्टमन यांचा गुंडाळी फिल्मचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला. तरीही १९०९ मध्ये के-टू शिखराच्या मोहिमेवर गेलेल्या व्हित्तोरिओ सेल्ला यांनी मोठ्या निगेटिव्हचा आग्रह सोडला नाही. त्या आग्रहाचे फळ आजही मिळते. काराकोरममधील हिमनद्यांत घडलेले बदल ताडून पाहण्यासाठी त्याच ठिकाणांहून पुन्हा छायाचित्रे घेऊन सेल्ला यांच्या चित्रांशी त्यांची तुलना केली गेली आहे. जड उपकरणाचा निव्वळ निषेध करणे म्हणूनच योग्य नव्हे.

हलक्या कॅमेऱ्याचा निर्णायक टप्पा जर्मनीत वेट्सलार येथे गाठला गेला. लाइट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक यांना भटकंतीची आवड होती, परंतु दम्यामुळे काचेचा जड कॅमेरा वाहणे त्यांना झेपत नसे. चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून लहान निगेटिव्हवरून मोठे चित्र काढावे, ही त्यांची कल्पना. १९१४ च्या सुमारास तिचा नमुना सिद्ध झाला व १९२५ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ओझे ज्याच्या स्वतःच्या खांद्यावर होते, त्यालाच ते हलके करण्याची निकड भासली.

पण ओझे उतरण्याचा दुसराही इतिहास आहे. जानेवारी १९२१ मध्ये, मकरसंक्रांतीच्या जत्रेत, कुमाऊँमधील बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली जमलेल्या लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयू नदीत बुडविल्या आणि यापुढे हे ओझे वाहणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. वेट्सलार व बागेश्वर यांच्यात कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. तथापि हिमालयातील छायाचित्रणाच्या इतिहासात पहिल्याची नोंद होते व दुसऱ्याची होत नाही, ही उणीव आहे.

२९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरी यांनी सदऱ्याच्या आत ऊबेला ठेवलेला लहानसा ३५ मिलिमीटरचा कोडॅक रेटिना बाहेर काढला व तेनसिंग नोर्गे यांचे छायाचित्र घेतले. १९३५ च्या मोहिमेत तेनसिंग प्रथम भारवाहक म्हणून आले होते. येथे कॅमेरा छायाचित्रकाराच्या स्वतःच्या अंगावर आहे, आणि एके काळी ओझे वाहिलेला माणूस नावानिशी चित्राच्या केंद्रस्थानी आहे. अर्थात त्या चित्राच्याही खाली शेकडो हमालांनी तळापर्यंत पोहोचविलेले सामान आहेच. कॅमेरा हलका झाला म्हणजे प्रवास भारहीन झाला, असे नव्हे.

जुन्या निसर्गचित्राचा साधन म्हणून उपयोग करताना अभ्यासक स्थळ, काल आणि छायाचित्रकार यांची नोंद करतो. त्या नोंदीत आणखी एक रकाना असावयास हवा : हे उपकरण येथवर कोणी आणले, आणि कोणत्या अटीवर? पुष्कळदा तो रकाना कोराच राहील. परंतु कोरा रकाना निदान दिसतो. रकानाच नसेल, तर काही राहून गेले आहे हेसुद्धा कळत नाही.