जुन्या जीपचा एक्सेल का तुटतो?

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईतील हौशी मंडळींच्या जुन्या जीपगाड्या सह्याद्रीतील चिखलवाटांकडे वळतात. रंग, टप, सीट आणि रुंद टायर यांवर मनसोक्त खर्च झालेला असतो. मागच्या एक्सेलकडे मात्र तो तुटेपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो तुटल्यावर गाडी नुसती थांबेल की चाक ड्रमसकट निखळून जाईल, हे चालकाच्या कौशल्यावर नव्हे, तर एक्सेलच्या घडणीवर अवलंबून असते.

गाडीचा भार कोण पेलतो, हा यातील कळीचा प्रश्न. 'फुल फ्लोटिंग' प्रकारात हा भार हबमधील बेअरिंगांमार्फत बाहेरच्या पोकळ हाउसिंगवर जातो. आतल्या शाफ्टला केवळ चाक फिरवण्याचे काम उरते. दुसऱ्या महायुद्धातील विलिज एमबी जीपचा मागचा एक्सेल याच जातीचा होता. १९४८ साली आलेल्या ब्रिटिश लँड रोव्हरचाही तसाच. या जुन्या लँड रोव्हरचे मागचे हाफ शाफ्ट तुटण्याबाबत कुप्रसिद्ध होते. परंतु शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहत असे, आणि पुढच्या चाकांची ओढ जोडून गाडी हळूहळू घरी आणता येई. डिफरन्शियलमध्ये अडकलेला तुकडा काठीला लोहचुंबक बांधून बाहेर ओढणे, हा तेथील मेकॅनिकांचा जुना उद्योग.

युद्धोत्तर नागरी जीपमध्ये चित्र बदलले. उंच बॉनेटची सीजे-३बी, जी महिंद्राने भारतात अनेक वर्षे बनवली, तिचा मागचा एक्सेल 'सेमी फ्लोटिंग' आहे. येथे शाफ्टच चाक फिरवतो आणि त्या बाजूचा भारही पेलतो. शाफ्टचे बाहेरचे टोक निमुळते असून त्यावर हब बसतो. चावी आणि नट यांनी तो जखडलेला असतो. नट सैल पडला की हब चावीवर आदळत राहतो, खाचेच्या कोपऱ्यात बारीक तडा जातो आणि एके दिवशी टोक तुटून चाक वेगळे होते. घाटातील वळणावर असे घडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

असा शाफ्ट एका दिवसात तुटत नाही. भाराखाली फिरताना त्याची प्रत्येक बाजू आळीपाळीने ताणली आणि दाबली जाते. २८ इंच व्यासाचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे साडेचारशे फेरे घेते. म्हणजे लाखभर किलोमीटरमध्ये साडेचार कोटी. यालाच धातूचा थकवा म्हणतात. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समधील व्हर्साय येथून निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा एक्सेल तुटून पन्नासहून अधिक प्रवासी दगावले, तेव्हापासून अभियंत्यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. पुढे प्रशियात ऑगस्ट व्हलर यांनी रेल्वेच्या एक्सेलवर प्रदीर्घ प्रयोग केले. थकव्याने तुटलेल्या शाफ्टचे तोंड पाहिले की जुनी गोष्ट कळते: एका कडेला वाळूवरील लाटांच्या रेषांसारख्या गुळगुळीत वलयाकार खुणा, तर उरलेला भाग खरखरीत. गुळगुळीत भाग अनेक महिन्यांचा, खरखरीत भाग शेवटच्या क्षणाचा.

वयाबरोबर गंजही येतो. शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असल्याने व्यास केवळ पाच टक्के झिजला तरी सुमारे चौदा टक्के ताकद जाते. त्यात हौसेची भर पडते. २८ इंचांच्या जागी ३३ इंची टायर चढवले, तर पकड तीच राहूनही शाफ्टवर येणारा पीळ सुमारे अठरा टक्क्यांनी वाढू शकतो. सर्वांत घातक क्षण म्हणजे हवेत गरगर फिरणारे चाक एकदम खडकावर टेकते तो. चाक चिखलात रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी झुलवणारे चालक नेमके हेच करत असतात.

ग्रामीण भागातील वडाप जीपगाड्यांची गोष्ट आणखी गंभीर, कारण तेथे क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे कोंबली जातात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. पण त्या तपासणीत एक्सेल उघडून पाहिला जाईल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

लक्षणे मात्र आधीपासून दिसतात. चाकाच्या आतल्या बाजूस तेलाचा ओघळ, क्लच सोडताच मागून येणारा 'टक्' आवाज, हबच्या नटाभोवती जमलेली तांबूस भुकटी, जॅकवर उचललेले चाक हाताने हलणे, यांपैकी काहीही आढळल्यास शाफ्ट बाहेर काढावा. स्प्लाइनचे दाते पिळवटलेले दिसले, तर तो पुन्हा बसवू नये. डोळ्यांना न दिसणारा तडा रंगद्रव्य फवारून करावयाच्या चाचणीत उघडा पडतो. तुटका शाफ्ट वेल्डिंग करून वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. उष्णतेने जोडालगतचे पोलाद ठिसूळ होते. रंगकामाच्या खर्चात बहुधा दोन्ही बाजूंचे नवे शाफ्ट येतील.

नवा शाफ्ट बसवल्यावर हबचा नट टॉर्क पान्यानेच आवळावा. कॉटर पिनचे भोक जुळत नसेल, तर नट मागे फिरवू नये. आणखी पुढे आवळून भोक जुळवावे.