सदतीसची दोन लेखने

अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे वराहदेवाने कोरविले. तो वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव होता. हरिषेणाच्या वत्सगुल्म शाखेतील एक पूर्वज दुसरा विंध्यशक्ती. चौथ्या शतकातील त्याच्या वाशीम ताम्रपटावर ३७ वे राज्यवर्ष अंकचिन्हांत नोंदलेले आहे. परंतु तेथे तीनचे चिन्ह नाही. तीसचे एक स्वतंत्र चिन्ह व त्यापुढे सातचे, एवढेच. बेरीज वाचकाने करावयाची. (बोलीतील क्रम मात्र उलटा : 'सदतीस' म्हणताना सात आधी येतात. लेखनाने बोलीचे अनुकरण केले नाही, हे लक्षणीय होय.)

येथे मूल्य चिन्हाच्याच ठायी असते, स्थानावर अवलंबून नसते. म्हणून शून्याचे प्रयोजन नाही. पण दहा, वीस, तीस, शंभर, हजार अशा प्रत्येकास वेगळे चिन्ह लागते. नाणेघाटाच्या सातवाहन लेखात शंभराच्या चिन्हास चारचे चिन्ह जोडून चारशे साधले आहेत. युक्ती चतुर खरी, तथापि चिन्हांचा पसारा पुष्कळसा राहिलाच.

संगणकाने दुसरे टोक गाठले. विद्युन्मंडलाच्या दोन अवस्था खात्रीने ओळखता येतात, म्हणून ० आणि १ ही दोनच चिन्हे. उरलेला सारा भार स्थानांवर. उजवीकडून स्थानांची मूल्ये १, २, ४, ८, १६, ३२ अशी दुपटीने वाढतात. यास्तव ३७ म्हणजे १००१०१, अर्थात ३२ + ४ + १. चिन्हे घटली, लांबी वाढली. आणि यंत्रातील स्थाने तर मोजकीच. आठ स्थानांत शून्यापासून २५५ पर्यंतच्याच संख्या मावतात. २५५ मध्ये १ मिळविल्यास हातचा नवव्या स्थानी जावयास हवा. ते स्थानच नसल्यामुळे मागे आठ शून्ये उरतात.