विसराळू यंत्राचा फायदा

१९८१ साली सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स-८१ हा संगणक ब्रिटनमधील डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तके व स्टेशनरी विकणाऱ्या दुकानांत आला. पुढच्याच वर्षी स्पेक्ट्रम निघाला. गिऱ्हाइकाला हाताळून पाहता यावे म्हणून असा एखादा संगणक दुकानात चालूच ठेवलेला असे. शाळा सुटली की पोरे त्याभोवती गोळा होत. त्यांची आवडती खोडी बेसिक भाषेतल्या दोन ओळींची होती : पहिली, ‘हे वाक्य पडद्यावर दाखव’, दुसरी, ‘पुन्हा पहिल्या ओळीकडे जा’. पडदा वात्रट मजकुराने भरून जाई आणि पोरे पसार! (कित्येकांचा तो आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम होता, हेही विसरू नये.)

दुकानदार नुसते बटण बंद करून पुन्हा चालू करी. एवढ्याने कसे भागे? स्पेक्ट्रममध्ये बेसिक भाषा १६ किलोबाइटच्या रॉममध्ये कायमची कोरलेली होती. पोरांनी टाइप केलेले सारे रॅममध्ये राही आणि वीज गेली की रॅम कोरी होई. यंत्र विसराळू होते, म्हणूनच सुरक्षित होते.

हार्ड डिस्क आली आणि खोडी टिकू लागली. कुणी फाइल पुसली, कुणी पासवर्ड घातला, तर बटण बंद करून काही उपयोग होईना. १९९५ च्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलसारख्या गोष्टी लपवण्याची सोय होती. पण मनाईची यादी कितीही वाढवली तरी एखादी वाट उघडी राहतेच. शिवाय सगळेच कुलूपबंद केले तर गिऱ्हाइकाने पाहायचे काय?

‘डीप फ्रीझ’सारख्या प्रोग्रॅमनी आम्हांला अधिक शहाणा वाटणारा मार्ग धरला. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून वर हवे तसे गिरवू द्यावे, तशी ही युक्ती. डिस्कवरचा मूळ मजकूर तसाच राहतो, नवे लेखन बाजूच्या जागेत वळवले जाते आणि संगणक पुन्हा सुरू होताना ते सोडून दिले जाते. मायक्रोसॉफ्टनेही २००७ साली ‘स्टेडीस्टेट’मध्ये अशी सोय मोफत दिली, २०१० अखेर ती मागे घेतली.

शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र हे विसराळूपण नडते. मुलीने तासभर खपून लिहिलेला निबंधही खोडीबरोबरच पुसला जातो. म्हणून अशा संगणकावर डिस्कचा एक भाग न गोठवता मोकळा ठेवावा लागतो, आणि निबंध तिथेच साठवायचा हे मुलांना आधी सांगावे लागते.