कन्हानच्या काठची राख

नागपुरास पाणी पाजणारी कन्हान नदी सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. तेथील कोळशाच्या क्षेत्राला तिचे आणि पेंचचे नाव पडलेले आहे. म्हणजे आमच्या माठातले पाणी आणि या भागातला कोळसा यांचे माहेर एकच. हे नाते आम्ही नागपूरकर सहसा आठवीत नाही. पण प्रस्तुत विषयाचा इतिहास तेथूनच सुरू होतो.

१० डिसेंबर १९५४ रोजी त्याच जिल्ह्यातील न्यूटन चिखली येथील कोळशाच्या खाणीत पाणी घुसले आणि ६३ माणसे दगावली. त्या वेळी छिंदवाडा व नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होते. खाणींचा कायदा १९५२ साली झालेला होता, तो कागदावर चांगलाही होता. तरी पुढे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाळा येथे जुन्या कामात साठलेले पाणी फुटून सुमारे पावणेचारशे कामगार गेले. अशा पाण्याला आपण आकस्मिक म्हणतो. वस्तुतः ते वर्षानुवर्षे साठलेले असते; आकस्मिक असते ते फक्त त्याचे बाहेर येणे.

खाणीतला धोका खाणीपुरताच राहतो, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. १९७४ साली कोराडीचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तीस ते चाळीस टक्के. म्हणजे शंभर वाघिणी कोळसा जाळला की तीस-चाळीस वाघिणी राख उरणार. ही राख पाण्यात कालवून नळांतून दूर नेतात आणि मातीचे बांध घालून केलेल्या प्रचंड तळ्यात सोडतात. राख खाली बसते, पाणी वर राहते. तळे भरत आले की बांध उंच करायचा. आपण त्याला ‘राखेचे तळे’ म्हणतो. नाव ऐकून कोणास भीती वाटणार नाही. पण त्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा, क्रोमियम यांचे अंश असतात, आणि बांधाच्या पोटात पाणी मुरत असते.

१६ जुलै २०२२ रोजी, ऐन पावसाळ्यात, कोराडी केंद्राच्या खसाळा येथील तळ्याचा बांध फुटला. करड्या चिखलाचा लोंढा आसपासच्या शेतांत शिरला, नाल्यांतून कोलार नदीत गेला. कोलार पुढे कन्हानला मिळते. पेरणी होऊन गेलेली होती. शेतातला पूर ओसरला तर गाळ तरी सुपीक राहतो; राखेचा थर वाळला की वाऱ्यावर उडतो आणि ओला झाला की सिमेंटासारखा घट्ट बसतो. शेतकऱ्याने त्याचे करावे काय?

त्या वर्षी विदर्भात पाऊस फार झाला, हे खरे. परंतु पावसाकडे बोट दाखविणे आम्हांस पटत नाही. नागपुरात जुलैत पाऊस पडतो हे बांध घालणाऱ्यास ठाऊक असतेच. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १० एप्रिल २०२० रोजी, सिंगरौली जिल्ह्यात सासन वीज केंद्राच्या राखेचा बांध फुटून सहा जीव गेले होते. तेथे तर तो उन्हाळा होता.

ब्राझीलमध्ये २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो येथे लोखंडाच्या खाणीच्या गाळाचा बांध फुटून २७० माणसे मेली. तो बांध गाळावरच गाळ रचून चढविलेला होता. त्यानंतर २०२० साली अशा बांधांसाठी जागतिक मानके ठरली. त्यांतली आम्हांस महत्त्वाची वाटणारी कलमे साधी आहेत: वरिष्ठांपैकी एका ठराविक माणसावर जबाबदारी असावी, बाहेरच्या जाणकारांनी बांध तपासावा, आणि तपासणीचे निष्कर्ष खालच्या गावांना कळावेत. बांधात नळ्या घालून मुरलेल्या पाण्याची पातळी रोज मोजणे हे काम काही अवघड नाही. अवघड आहे ते पातळी वाढली असता केंद्र थांबविण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरविणे.

गंमत अशी, की या विद्येचे नागपूर हे माहेरघर आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय येथे. १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून निघालेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी प्रयोगशाळा येथेच. कोळशाच्या आणि मँगनीजच्या सरकारी कंपन्यांची मुख्य कार्यालयेही याच शहरात. या साऱ्यांपासून खसाळा मोटारीने तासाभराच्या आत आहे.

जाणकार असून भागत नाही, याचा सर्वांत दुःखद दाखला वेल्समधील अॅबरफॅन या गावचा. तेथे डोंगरउतारावर, झऱ्यांच्या वर, १९५८ पासून कोळशाच्या खाणीचा टाकाऊ माल रचीत होते. शाळेच्या मागे असलेल्या या ढिगाच्या धोक्याविषयी नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ सालीच लेखी कळविले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास ढीग घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. चौकशी मंडळाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे दिला. पण नोकरी कोणाची गेली नाही, खटला कोणावर झाला नाही. गावावर उरलेले ढीग काढून टाका, असे गावकरी म्हणत होते. ते काढण्याच्या खर्चापैकी दीड लाख पौंड, लोकांनी मृतांच्या कुटुंबांसाठी पाठविलेल्या मदतनिधीतून घेण्यात आले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, दूषित करणाऱ्यानेच भरपाई व सफाईचा खर्च द्यावा, हे तत्त्व मान्य केले आहे. अॅबरफॅनच्या गावकऱ्यांना ते दीड लाख पौंड १९९७ साली परत मिळाले. एकतीस वर्षांनी, व्याजाशिवाय.