मराठ्यांना कोणता ‘बोनस’ शोभेल?

फिलिप तिबो या फ्रेंच रचनाकाराचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ हा खेळ १९९३ मध्ये आला, तेव्हा तो पटावर आणि सोंगट्यांनी खेळायचा होता. २००० मध्ये स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने तो संगणकावर आणला. २०१३ मधली त्याची चौथी आवृत्ती सुरू होते ती ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे वार्नाच्या लढाईत तुर्कांनी हंगेरी-पोलंडच्या राजाला मारले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती संपते १८२१ च्या जानेवारीत. मधल्या पावणेचारशे वर्षांत खेळाडूने एक देश निवडायचा आणि त्याचा कर, व्यापार, फौज, वारसा, बंडे असे सगळे सांभाळायचे.

२००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व देश एकाच यादीतून आपापली धोरणे निवडत. चौथ्या आवृत्तीने मात्र अनेक देशांना त्यांची स्वतःची वैशिष्ट्ये दिली. दोन परंपरा सुरुवातीलाच मिळतात, पुढे एकेक करून सात गुण उघडतात आणि शेवटी एक महत्त्वाकांक्षा पूर्ण होते. प्रशियाला शिस्त, पोलंडला पंख लावलेले घोडेस्वार. खेळाडू याला सरळ ‘बोनस’ म्हणतात. प्रत्येक बोनसला नाव असते, दोन ओळींचा इतिहास असतो आणि एक आकडा असतो: शिस्त इतके टक्के जास्त, कर इतके टक्के जास्त.

हे आकडे रचण्याचे काम वाटते त्याहून जबाबदारीचे आहे. जगभरातली कितीतरी तरुण मुले बहमनी, विजयनगर किंवा मराठे ही नावे पाठ्यपुस्तकाच्या आधी अशा खेळांत वाचतात. त्यांच्या मनात त्या राज्याची जी पहिली प्रतिमा उमटते, ती या दोन ओळींची असते. म्हणून बोनस कशावर उभा करायचा हा प्रश्न इतिहासाचाच प्रश्न ठरतो.

सर्वांत सोपी वाट म्हणजे स्वभाव. अमुक लोक शूर, तमुक लोक व्यापारात हुशार. हीच वाट सर्वांत वाईटही आहे, कारण ती पूर्वी एकदा तुडवून झाली आहे. १८५७ नंतर ब्रिटिश लष्कराने हिंदुस्थानातल्या जातीजमातींची ‘लढाऊ’ आणि ‘बिगरलढाऊ’ अशी वाटणी केली. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्‌सचा ओढा उत्तरेकडच्या भरतीकडे होता. मद्रास आणि मुंबईच्या शिपायांना तो कमी लेखत असे. पुढे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणी कशा लढल्या, हे त्याच सरकारला आपल्या कागदपत्रांत नोंदवावे लागले. स्वभावावर दिलेला गुण इतका बेभरवशाचा असतो.

टिकणारी वाट व्यवस्थेची आहे. प्रशियाची शिस्त रक्तातून आली नाही. फ्रेडरिक विल्यम पहिला याने १७३३ मध्ये प्रत्येक पलटणीला भरतीसाठी एक ठरावीक मुलूख नेमून दिला. तिथल्या शेतकऱ्यांच्या मुलांची नावे नोंदली जात. ती कवायत शिकत आणि वर्षातला बराच काळ शेतावर परतत. १७४० मध्ये तो वारला, तेव्हा जेमतेम पंचवीस लाख वस्तीच्या राज्याकडे सुमारे ऐंशी हजारांची फौज होती. आणि १४ ऑक्टोबर १८०६ रोजी, येना आणि आउअरश्टेटच्या रणांगणांवर, त्याच फौजेचा एका दिवसात चुराडा झाला. गुणाला जन्मतारीख असते, किंमत असते आणि शेवटही असतो. प्रशियाला १८२१ पर्यंत शिस्त बहाल करणारा खेळ यांतली शेवटची गोष्ट विसरतो.

ही कसोटी मराठ्यांना लावून पाहावी.

पहिला मोह गनिमी काव्याचा. ‘घोडदळ इतके टक्के वेगवान’ असा बोनस कोणीही लिहील. पण त्या वेगामागे काय होते? शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. पगार रोख. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर मुलूखगिरी, आणि मोहिमेवर बायकामाणसे न्यायची नाहीत, अशी सक्त ताकीद असल्याचे सभासदाने लिहून ठेवले आहे. वेग आला तो हलक्या सामानातून. पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडले, ते निजामाचा तोफखाना मागे पडल्यावर. पुढे १७६१ मध्ये पानिपतावर याच मराठ्यांबरोबर जड तोफा होत्या, कुटुंबकबिला होता, यात्रेकरू होते आणि रसद तुटलेली होती. तेव्हा चांगला रचनाकार हा बोनस अटीवर देईल: फौजेत तोफखाना ठरावीक प्रमाणापुढे गेला की वेगाचा लाभ बंद. खेळाडूला मग तोच पेच पडेल जो सदाशिवरावभाऊंना पडला होता, कारण इब्राहिमखान गारद्याच्या तोफांशिवाय अब्दालीच्या फौजेपुढे उघड्या मैदानात टिकणेही कठीण होते.

किल्ल्यांचेही तसेच. ‘किल्ल्यांचा बचाव भक्कम’ हा आकडा चुकीचा नाही, पण उथळ आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तीन अधिकारी एका गडावर नेमून शिवाजी महाराजांनी फितुरीची वाट अडवली होती; एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती जात नसे. औरंगजेबाने आयुष्याची शेवटची वर्षे या गडांपुढे घालवली. १७०० मध्ये सातारा, १७०१ मध्ये पन्हाळा, पुढच्या वर्षी विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड आणि १७०४ मध्ये राजगड व तोरणा त्याने घेतले. काही ठिकाणी वेढ्यापेक्षा पैशानेच काम झाले. बादशहाची पाठ वळली की मराठे गड परत घेत. १७०७ मध्ये तो वारला तेव्हा हे चक्र चालूच होते. म्हणजे गडांची ताकद अभेद्यतेत नव्हती. शत्रूची वर्षे आणि खजिना खाण्यात होती. खेळातही वेढा घालणाऱ्याचा खर्च वाढवावा आणि गेलेला गड परत घेणे स्वस्त करावे.

सर्वांत समृद्ध साहित्य मात्र चौथाईत आहे, आणि आश्चर्य म्हणजे तिचे हिशेब जवळजवळ खेळाच्या नियमांसारखेच वाचता येतात. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला. बदल्यात पंधरा हजार घोडदळ बादशाही सेवेस ठेवायचे होते. सरदेशमुखी, म्हणजे दहावा हिस्सा, छत्रपतींची. चौथाईच्या शंभर रुपयांतले पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींना, सहा साहोत्रा म्हणून पंत सचिवांना, तीन नाडगौंडा म्हणून राजाच्या मर्जीतल्या माणसाला आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांना. त्यात एकेका परगण्याचे हक्क अनेकांत वाटलेले.

या वाटणीत पुढच्या शंभर वर्षांचे बळ आणि दुखणे दोन्ही आहे. सरदाराला उत्पन्न हवे तर त्याने नवा मुलूख तुडवायचा. म्हणून शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले माळवा, गुजरात, ओरिसापर्यंत पोचले. राज्य वाढले. पण वाढीतला मोठा वाटा साताऱ्याला किंवा पुण्याला आलाच नाही. शिवाजी महाराजांनी रोख पगार देऊन जे टाळले होते, ते राजारामांच्या काळात जिंजीच्या वेढ्याखाली, खजिना रिकामा असताना, वतने आणि सरंजाम देऊन स्वीकारावे लागले होते. बाळाजी विश्वनाथाने त्याला हिशेबाची चौकट दिली. खेळात याचा बोनस असा व्हावा: शेजारच्या न जिंकलेल्या प्रांतातूनही उत्पन्न मिळेल, पण त्यातला मोठा भाग मांडलिक सरदारांच्या तिजोरीत जाईल आणि प्रत्येक नव्या सुभ्याबरोबर त्यांची स्वतंत्र होण्याची इच्छा वाढेल. ‘कर वीस टक्के जास्त’ या आकड्यात हा सगळा इतिहास पुसला जातो.

आरमाराबद्दल थोडक्यात. पोर्तुगीज गोव्याहून परवाने विकत आणि परवाना नसलेले जहाज धरत. कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक देऊन तोच हक्क कोकण किनाऱ्यावर बजावला. हा बोनस १७५६ मध्ये संपवायला हवा, कारण त्या वर्षी पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडवले.

शेवटचा गुण महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींचा. १७८४ मध्ये द बॉइन्य या सव्हॉयच्या माणसाला त्यांनी चाकरीस घेतले. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या, पगारासाठी दोआबातला मुलूख तोडून दिला आणि १७९० मध्ये पाटण व मेडत्याला या पायदळाने राजपूत घोडदळ मोडले. असा गुण देताना अंमलदार कोणाचे, हा प्रश्न नियमात आलाच पाहिजे. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले, तेव्हा इंग्रजांनी शिंद्यांच्या चाकरीतल्या युरोपीय अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावले आणि बरेच जण निघून गेले. अलीगड पडल्यावर सरसेनानी पेराँही इंग्रजांकडे गेला. २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. वेल्स्लीच्या फौजेचे तिथे झालेले भयंकर नुकसान त्याची साक्ष देते. तेव्हा नियमात दोन ओळी हव्यात: युरोपीय सत्तेशी युद्ध जाहीर होताच सेनापतींचा लाभ शून्यावर यावा, तोफखान्याचा मात्र तसाच राहावा.