सिगविंच
युनिक्स आणि लिनक्समध्ये टर्मिनलच्या खिडकीचा आकार बदलल्याची वर्दी देणारा सिग्नल. कर्नल तो त्या टर्मिनलवर अग्रभागी चालू असलेल्या प्रोसेसना पाठवतो. एक्स८६ लिनक्सवर त्याचा क्रमांक २८. प्रोग्रामने दखल घेतली नाही तरी तो बंद पडत नाही, फक्त पडद्यावरच्या चौकटी विस्कटतात. सिग्नलसोबत नवे माप येत नाही. ओळी आणि स्तंभ किती, हे ‘आयओसीटीएल’ सिस्टिम कॉलने वेगळे विचारावे लागते.

खरी गोम वेळेत आहे. सिग्नल कोणत्याही क्षणी येतो, मेमरीचे वाटप अर्धवट असतानाही. म्हणून सिग्नल येताच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे हँडलरमध्येच पडदा रंगवणे धोक्याचे, आणि असले दोष पुन्हा घडवून पाहणे महाकठीण. अनुभवी प्रोग्रामर तिथे फक्त खूण करून ठेवतात किंवा पाइपमध्ये एक बाइट टाकतात. पुढचे काम मुख्य इव्हेंट लूपचे.

एनकर्सेस लायब्ररी या सिग्नलला कळ दाबल्याचे रूप देते, तर गो भाषेतील बबल टी फ्रेमवर्क रुंदी-उंचीसह संदेशच पाठवते, आणि ही दुसरी रीत निश्चितच अधिक स्वच्छ. विंडोजमध्ये सिगविंच नाही; तिथे कन्सोलच्या इनपुट नोंदी वाचाव्या लागतात.