जुने मथळे व त्यांचे पराक्रम

वर्तमानपत्राचा मथळा हा मोठा चमत्कारिक प्राणी आहे. मजकूर लिहावयास लेखकाला रात्र जागावी लागते. मथळा पुष्कळदां छापखान्याचा माणूस दारांत येऊन उभा राहिला म्हणजे सुचतो. पण दुसऱ्या दिवशीं मजकूर रद्दीच्या वाटेला लागतो आणि मथळा लोकांच्या तोंडीं राहतो. १९४८ च्या ३ नोव्हेंबरला 'शिकागो डेली ट्रिब्यून' या पत्रानें अमेरिकेच्या निवडणुकींत ड्यूई यांनीं ट्रूमन यांस पाडलें, असें ठळक अक्षरांत छापून टाकलें. निवडून आले ट्रूमन. आणि सेंट लुईच्या स्टेशनावर तोच अंक दोन्ही हातांनीं उंच धरून त्यांनीं मोठ्या आनंदानें आपलें छायाचित्र काढवून घेतलें. तेथें मथळा चुकला म्हणून संपादकाचें हंसें झालें. आमच्याकडे मथळे बरोबर असत आणि संपादक तुरुंगांत जात. तेव्हां श्रोतेहो, अमेरिकेला तेथेंच ठेवून आपण पुण्यास येऊं.

साल १८९७. पुण्यांत प्लेग, आणि प्लेगाइतकेच लोकांना नकोसे झालेले घरोघर झडती घेणारे गोरे सोजीर. २२ जूनच्या रात्रीं, महाराणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडींतून परततांना प्लेग कमिटीचे प्रमुख रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागींच ठार झाले, रँड ३ जुलैला वारले. मारेकरी सांपडेना, तेव्हां सरकारचा राग साऱ्या शहरावर निघाला. कलेक्टरसाहेबांनीं प्रतिष्ठित मंडळींना बोलावून धमकावणीचें व्याख्यान दिलें आणि शहराच्या खर्चानें शहरावर जादा पोलीस बसविण्यांत आले. यावर ६ जुलैच्या 'केसरी'त टिळकांचा अग्रलेख आला : 'सरकारचें डोकें ठिकाणावर आहे काय ?'

हा मथळा आज आपल्या कानांना गुळगुळीत वाटतो. परंतु त्या वेळीं हा प्रश्न घरांत कोणाला विचारीत असत, हें ध्यानांत घ्या. दूध उतूं घालविणाऱ्या मुलीला, निरोप विसरणाऱ्या गड्याला, परीक्षेच्या आदल्या दिवशीं नाटकाला जाणाऱ्या चिरंजीवांना ! तोच प्रश्न, त्याच स्वरांत, ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाहीं त्या सरकारला विचारला गेला. शब्दशः पाहूं गेल्यास उत्तरही सोपें होतें. मुंबई सरकारचा मुक्काम पावसाळ्यांत पुण्यास असे आणि गव्हर्नर गणेशखिंडींत राहत. म्हणजे जुलै महिन्यांत सरकारचें डोकें अगदीं नेमक्या ठिकाणावर होतें. पण अशा विनोदाला सरकारी कचेरींत जागा नसते. पुढल्याच मंगळवारीं, १३ जुलैला, दुसरा मथळा झळकला : 'राज्य करणें म्हणजे सूड उगविणें नव्हे.' पहिल्या आठवड्यांत प्रश्न, दुसऱ्यांत धडा. २७ जुलैला टिळकांना मुंबईंत पकडण्यांत आलें.

येथें खरी गंमत आहे. ज्या मथळ्यानें महाराष्ट्र हलला, तो आरोपपत्रांत नव्हताच ! खटला चालला तो १५ जूनच्या अंकांतील 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेकोत्सवांतील भाषणांची हकीकत यांवर. प्रश्नचिन्हावर राजद्रोह शाबीत करणें कदाचित् जड गेलें असतें.

हा खटला न्यायमूर्ति स्ट्रेची यांच्यापुढें चालला. कायद्यांतील शब्द होता 'अप्रीति'. तिचा अर्थ न्यायमूर्तींनीं ज्यूरीला समजावून सांगितला तो असा कीं, अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव. पाहिलेंत ? सरकारचा द्वेष करूं नये एवढ्यानें भागेना. त्याच्यावर प्रेम करणें हेंही प्रजेचें कायदेशीर कर्तव्य ठरलें. घरमालकाला वेळच्या वेळीं भाडें देऊनही त्याच्यावर प्रेम नसणारा भाडेकरी जसा गुन्हेगार ठरावा, तसाच हा प्रकार. ज्यूरींत सहा युरोपियन व तीन हिंदी गृहस्थ होते आणि मतेंही सहा विरुद्ध तीन अशींच पडलीं. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढल्या वर्षीं, म्हणजे १८९८ सालीं, सरकारनें कायदाच दुरुस्त केला आणि 'अप्रीती'त राजनिष्ठेचा अभाव व शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात असा खुलासा जोडला. अर्थाची ओढाताण आधीं न्यायालयांत झाली, तिला कायद्याचें वस्त्र मागाहून मिळालें.

शिक्षेची मुदत पुरी होण्यापूर्वींच, १८९८ च्या सप्टेंबरांत, टिळक सुटले. १८९९ च्या जुलैंत संपादकीय सूत्रें त्यांनीं पुनः हातीं घेतलीं तेव्हांचा मथळा होता 'पुनश्च हरिः ॐ'. वेदपठण मध्येंच थांबलें तर पुनः आरंभ करतांना म्हणावयाचे हे शब्द. जणूं तुरुंग हा पाठांतला एक खोकला होता! आरोळी नाहीं, तक्रार नाहीं. माझ्या मतें मराठी पत्रसृष्टींत याहून रुबाबदार मथळा झाला नाहीं. तो पुढें म्हणीसारखा रूढ झाला, आणि २०२० सालीं करोनाच्या सांथींत टाळेबंदी सैल करतांना महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनीं हेच शब्द वापरले. ती टाळेबंदी ज्या कायद्यांच्या आधारें झाली, त्यांत १८९७ चा सांथीच्या रोगांचा कायदाही होता. रँडसाहेबांचा अंमलही याच कायद्याखालीं चालला होता. एका सांथींतला कायदा आणि त्याच सांथीनें जन्माला घातलेला मथळा सव्वाशें वर्षांनीं अशा रीतीनें एका घरांत नांदले.

१९०८ ची हकीकत अधिक गंभीर आहे. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर सरकारनें ८ जूनला सिमल्यास दोन कायदे एकाच दिवशीं पास केले, एक स्फोटक द्रव्यांचा आणि एक वर्तमानपत्रांचा. दुसऱ्याच दिवशीं 'केसरी'नें मथळा दिला : 'हे उपाय टिकाऊ नाहींत.' त्याआधीं १२ मेच्या अंकांत 'देशाचें दुर्दैव' हा लेख आला होता. या दोन लेखांवरून न्यायमूर्ति दावर यांच्यासमोर खटला उभा राहिला. टिळकांनीं वकील न देतां स्वतः सुमारें एकवीस तास भाषण केलें. त्यांतील बराच वेळ सरकारी भाषांतराची शल्यचिकित्सा करण्यांत गेला, कारण ज्यूरीला मूळ मराठी कळत नव्हतें. नऊ ज्यूरर, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी; निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैच्या रात्रीं दहाच्या सुमारास सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड सुनावला गेला. दुसरे दिवशीं टिळकांना बावन्न वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. मुंबईच्या गिरणीकामगारांनीं वर्षाला एक दिवस या हिशेबानें सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, आणि रस्त्यांवर गोळीबार होऊन माणसें मेलीं. ज्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें अशांनींही या मथळ्याची किंमत भरली. मंडालेंत 'गीतारहस्य' लिहून झालें तें सर्वश्रुतच आहे.

आतां ते उपाय टिकले काय ? वर्तमानपत्रांचा १९०८ चा कायदा १९२२ सालीं रद्द झाला. तें पाहावयास टिळक हयात नव्हते. स्फोटक द्रव्यांचा कायदा मात्र त्याच नांवानें व त्याच सालाच्या शिक्क्यानिशीं स्वतंत्र भारतांत आजही चालूं आहे. एखादा काटेकोर वाचक म्हणेल कीं मथळा निम्माच खरा ठरला. सहा वर्षांच्या शिक्षेंतून त्या मानानें कांहीं सूट मिळावयास हरकत नव्हती. पण ती मागणार कोण, आणि कोणाकडे?